चाक स्वयंपाकघरात

पहिला ट्रेलर गेला तो मार्चमधल्या मंगळवारी,
दिवसाढवळ्या, आम्ही मेंढ्यांच्या बाजारात असताना.
मागे राहिला गवतावर
एक पिवळा चौकोन, ट्रेलरच्या मापाचा,
आणि चाऱ्याची एक पेंढी, नीट बाजूला ठेवलेली,
जणू चोरांनाही उगाच काही न्यायचं नव्हतं.

ट्रेलर गेला आणि कुलूप आलं.

इद्वल एरवी घराचं दारही लावत नाही.
पोविसच्या या डोंगरात लावणार तरी कोणासाठी?
पण नव्या ट्रेलरसोबत तो घेऊन आला
जोडाच्या तोंडात बसणारं लोखंडी कुलूप,
चाकाला आवळायचा पिवळाधमक चिमटा,
आणि माझ्या मनगटाएवढ्या कड्यांची साखळी.
मग शिडी लावून छपरावर चढला
आणि हातभर उंचीची पांढरी अक्षरं काढली,
आमच्या पोस्टकोडची,
पोलिसांच्या हेलिकॉप्टरला वरून वाचता यावीत म्हणून.
हेलिकॉप्टर अजून आलेलं नाही.
डोमकावळे रोज वाचतात,
शिटून शुद्धलेखन तपासतात.

पोलीस म्हणाले, खुणा करा, नंबर वहीत लिहा.
मी नंबर लिहिला. मग हेही लिहिलं:
उजवीकडच्या फळीला ग्रीगचे दात लागलेत, सहा खाचा.
ग्रीग म्हणजे आमच्या भाषेत डोंगरावरचं जांभळं झुडूप.
घोडी मात्र करडी आहे.

शेवटी मॉर्विदनं सल्ला दिला, पलीकडच्या शेतातल्या:
चाकच काढून ठेवा. लंगडा ट्रेलर कोण नेतोय?
तेव्हापासून रोज संध्याकाळी
कोंबड्या कोंडल्या की चाक काढायचं.
रात्रभर ते स्वयंपाकघरात, शेगडीजवळ,
भिंतीला टेकून, लांबच्या पाहुण्यासारखं:
ओलं, मुकाट, कुणी काही विचारेल या धास्तीत.
मांजर त्याच्या पोटात झोपायची.
पावाला रबराचा वास लागायचा.
इद्वल म्हणायचा, आता झोप लागते.
मलाही लागायची. खोटं का बोलू.

जानेवारीत, रात्री पावणेदोनला,
ग्रीग जमिनीवर लोळली.
सारखी वळून पोटाकडे बघत होती,
आतून कुणी हाक मारत असल्यासारखी.
डॉक्टरीण फोनवर एवढंच म्हणाली:
श्रूजबरीला आणा. लगेच.

लगेच.

चाक उंबऱ्याबाहेर घरंगळवलं, मांजर फिस्कारली.
चिमट्याची किल्ली इद्वलच्या दुसऱ्या कोटात,
कोट गाडीत, गाडीची किल्ली –
आणि जोडाच्या कुलपात बर्फ.
मी गुडघ्यांवर बसून त्यात तोंडाची वाफ सोडत होते.
किटलीतलं पाणी ओतलं,
ते माझ्या बुटांवरच गोठायला लागलं.
इद्वल टॉर्च दातात धरून नट आवळत होता,
आणि कधी देवळात न जाणारा माणूस
टॉर्चभरल्या तोंडानं कुणाशी तरी बोलत होता.

बेचाळीस मिनिटं.
कुठल्याही चोराला, मॉर्विद नंतर म्हणाली,
वीस पुरली असती.

ग्रीग ट्रेलरला नेहमी अडते.
सफरचंद दाखवा, शिव्या द्या, ढकला.
त्या रात्री ती न सांगता चढली
आणि तेव्हा मी खरी घाबरले.

वाचली. आतड्याचं एक वेटोळं
तिथेच ठेवून आली.

आता चाक जागेवर असतं.
चिमट्याची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला,
चोरालाही आधी तीच दिसेल.
स्वयंपाकघराच्या भिंतीवर काळा अर्धगोल उरलाय;
इद्वल म्हणतो रंग देऊ, मी हो म्हटलेलं नाही.
राखणीला दोन राजहंस आणलेत, महाचिडके.
मध्यरात्री ते कालवा करतात,
इद्वल उठून बसतो, पायांनी बूट शोधतो.
मी म्हणते, झोप रे, कोल्हा असेल.

बहुतेक वेळा असतोच.